स्क्रबर चालू असण्याचे दिवस

मी धूर धुणारी यंत्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरी करते. गावात कुणी विचारलं तर एवढंच सांगते, कारण ‘औद्योगिक वायुप्रदूषण नियंत्रण उपकरणं’ असं म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि विषय बदलतो. आमचं ऑफिस पेणला. वडील मिठागरात राबले, आई अक्षरं शिकली ती माझ्या पहिलीच्या पुस्तकातून, आणि मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. घराण्यात पहिली. हे मी मुद्दाम लिहिते. ज्यांना यात फुशारकी वाटते त्यांना वाटू दे.

धंदा वाढतोय. गेल्या मार्चमध्ये मालकांनी आम्हा सगळ्यांना हायवेवरच्या हॉटेलात जेवायला नेलं आणि पडद्यावर वर जाणारा बाण दाखवला. नियम कडक होतायत, नवे कारखाने येतायत, जुन्यांना नोटिसा जातायत, म्हणाले, आपले दिवस आलेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात. यंत्रं खपतायत म्हणजे हवा सुधारतेय, असंच तेव्हा मी धरून चालले होते. बीएस्सी होऊन एवढंही कळू नये!

माझ्याकडे रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक रसायनांचा कारखाना होता. तिथे आमचा स्क्रबर बसवलाय. स्क्रबर म्हणजे दोन मजले उंच पिंप. खालून आम्लाची वाफ जाते, वरून कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची धार पडते, वाफ त्यात विरते आणि वर निघते ती स्वच्छ हवा. हे सगळं एका पंपावर चालतं. पंप बंद, तर ते नुसतं उंच धुराडं.

सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी मी जायचं, असा रिवाज होता. सगळं तपासायचं, पंपाच्या विजेच्या पॅनेलचा दार उघडून फोटो काढायचा, रिपोर्टवर सही करायची. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे, माझी सही बघायचे आणि कारखान्याला पुढची परवानगी मिळायची. फॉर्मवर रकाने ठरलेले. पंपाचा दाब, पाण्याचा पीएच, आवाज, गळती. दोन वर्षं मी प्रत्येक रकान्यात ‘ठीक’ लिहिलं. ते खोटं नव्हतं. मी जायची तेव्हा पंप चालूच असायचा.

या एप्रिलात माझी तपासणी लवकर आटोपली. रिपोर्ट लिहायचा बाकी होता, तो बॅगेत टाकला आणि जेवायला मावशीकडे गेले. आईची धाकटी बहीण. तिचं गाव कारखान्यामागच्या ओढ्यापलीकडे. गल्लीत शिरले तर पाय ठेवायला जागा नाही. खाटांवर, पत्र्यांवर, जुन्या साड्यांवर पोह्यांचे पापडच पापड.

“आली का गो साहेबीन!” मावशी ओरडली. “पापडावर पाय नको देऊस.”

“एवढे पापड? कुनाचं लगीन हाय?”

“लगीन कसला! आज तू येनार ना. तू आलीस का दोन दिस वास नाय.”

मला कळेना. शेजारची बाई पापड उलटता उलटता म्हणाली, “कारखान्याच्या वॉचमनची बायको आमाला आधी सांगते. आज हिची भाची येनार, उद्या सायेब. मग आमी पीठ तिंबतो. एरवी बाहेर टाकला का पापड आंबट वास धरतो. पेनचा व्यापारी हुंगतो नि परत देतो. म्हनतो, बाई, पापड लाटलात का औषद?”

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, “कंपनीला सांग गो, मला म्हैन्यातून चार वेळा पाठवा.”

“म्हैन्यातून कशाला, हितंच ऱ्हा तू,” मावशी म्हणाली. “पोरांचा खोकला तरी थांबंल.” आणि मग बायकांकडे वळून, “शिकलेली हाय माजी भाची. ती आली का मशीनपन सरळ चालते.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अभिमानाने म्हणाली.

भात पुढ्यात आला. दोन वर्षं या बायका माझ्या येण्यावर पापडाचे दिवस ठरवत होत्या. सबंध गावाला माहीत होतं की तो पंप माझ्यासाठी चालू करतात. माहीत नव्हतं ते मला एकटीला, आणि पदवी होती ती त्याच एकटीकडे.

ताट तसंच ठेवून परत कारखान्यात गेले. पॅनेलचं दार उघडलं. खालच्या कोपऱ्यात पंप एकूण किती तास चालला ते दाखवणारा छोटा मीटर असतो. फॉर्मवर त्याचा रकानाच नाही, म्हणून मी तो कधी वाचला नव्हता. पंपाबरोबर मीटर पुढे सरकत होता; आकडा होता ४३१. मोबाईलमध्ये मागच्या भेटीचा फोटो शोधला, बोटांनी मोठा केला. ४१२. मध्ये तीन महिने गेले होते. कारखाना तिन्ही शिफ्ट चालतो. पंप चालला होता एकोणीस तास.

मी रिपोर्ट काढला आणि शेऱ्याच्या जागेत दोन्ही आकडे, दोन्ही तारखा लिहिल्या. खाली लिहिलं, ‘यावरून स्क्रबर नियमित चालवला जात नाही.’ मग सही केली.

तिथल्या मॅनेजरने वाचलं. “मॅडम, हा रकाना फॉर्ममध्ये आहे का?”

“शेऱ्याला जागा आहे.”

“चांगलं चाललेलं होतं आपलं. वीज आणि कॉस्टिक फुकट मिळतं का?”

“मग यंत्र कशाला घेतलंत?”

“परवानगीला लागतं म्हणून,” तो म्हणाला. अगदी सरळपणे. त्याने पांढरी प्रत माझ्यासमोर फाडली. रिपोर्टच्या तीन प्रती असतात. पांढरी कारखान्याने साहेबांना दाखवायची, गुलाबी आमच्या ऑफिसची, पिवळी तपासणाऱ्याजवळ, म्हणजे माझ्याजवळ राहते.

पिवळी घेऊन मी सरळ मावशीच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने कागद उलटासुलटा केला. “ताई, हे कुठल्या फाईलला लावू?”

“वासाच्या तक्रारी असतील त्या.”

“लेखी तक्रार कुनाचीच नाय. तशी फाईलच नाय.”

“मग उघडा आता.”

त्याने कपाटातून नवी फाईल काढली, झेरॉक्स लावली, माझ्या प्रतीवर पोच दिली. फाईलवर काय लिहायचं ते मलाच विचारलं. मी कारखान्याचं नाव सांगितलं.

ऑफिसात पोचले तर मॅनेजरचा फोन आधीच आला होता, मालक चिडलेलेच होते. “अगं, आपण मशीन विकतो, हवा नाही!”

“आपल्या जाहिरातीत तर हवाच लिहिलीय, सर.”

“त्यांच्या दोन नव्या युनिट्सची ऑर्डर येणार होती, कळतंय का?”

कळत होतं. तीही पिंपं तशीच उभी राहिली असती, आणि पडद्यावरचा बाण आणखी वर गेला असता. वाढ वाढ म्हणतात ती हीच. नोटीस आली की यंत्र घ्यायचं, कागद मिळाला की पंप बंद. आणि त्या कागदावर सही करायला आमच्यासारखी शिकलेली पोरं ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मालकांनी साहेबांना दाखवायचं एक टाइप केलेलं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. ‘सदर मीटर नादुरुस्त असल्याने नोंद चुकीची झाली.’ खाली माझं नाव, सहीला जागा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हळूच म्हणाला, “कर गं, एका सहीनं काय होतंय?”

मी पेन घेतलं, ते वाक्य खोडलं. वर हाताने लिहिलं, ‘मीटर चालू स्थितीत आहे, मी स्वतः तपासला आहे.’ सही केली आणि पत्र मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.