आठ पावलांचा तमाशा

व्यायामबाईंना लाळेची किंवा शी-शूची किळस कधीच आली नाही. सव्वीस वर्षं पोरांचे आखडलेले पाय मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्याचं काय? त्यांना किळस यायची टाळ्यांची. वर्षातून एकदा केंद्रात देणगीदार येत. व्यायामाच्या खोलीतल्या गाद्या भिंतीला उभ्या करून खुर्च्या मांडल्या जात आणि एकेक पोर दोन दांड्यांमधून चालवून दाखवलं जाई. पाहुणे डोळे टिपत, टाळ्या पिटत आणि मग चहाकडे वळत.

"मी पन्नास वर्षं चालतेय, मला नाही कुणी टाळी दिली," असं बाईंनी केंद्राच्या साहेबांना एकदा तोंडावर सुनावलं होतं. साहेब हसले होते. सगळं हसण्यावारी नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण बाईंना स्वतःचीही किळस यायची, आणि तिला कारण होतं. सेरेब्रल पाल्सी झालेल्या या मुलांचे स्नायू बाहेरून ताठ, पण आतून दुबळे. बाई शिकत होत्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, की यांना जोर करू द्यायचा नाही, जोराने ताठरपणा वाढतो. नुसतं हलक्या हाताने ताणायचं. बाईंनी हे घोकलं आणि शेकडो आयांना ऐकवलं. मिरचीच्या आईलासुद्धा ऐकवलं. मिरची म्हणजे जिभेला धार असलेली, गुडघे वाकवून वॉकरवर लोंबकळत चालणारी पोर. तीन वर्षांची असल्यापासून बाईंनी तिचे पाय इमानेइतबारे ताणले. जोर तसूभरही वाढला नाही, कारण तो वाढू दिलाच नव्हता. मग गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात कळलं, की ती जुनी भीती फुकाची होती. वर्गातल्या तरुण मुली माना डोलावत टिपून घेत होत्या. बाई उठून बाहेर गेल्या आणि बेसिनवर भडाभडा ओकल्या.

त्याच सुमारास मिरचीला नव्या शाळेचं पत्र आलं. मदतनीस देता येणार नाही. मुलीला स्वच्छतागृहात एकटीने जाता येत असेल तरच पाचवीत प्रवेश.

"अहो बाई, चालणं राहू द्या," आई म्हणाली. "चाकाच्या खुर्चीतून उठून कमोडवर बसता आलं तरी गंगेत घोडं न्हालं."

बाईंनी बुटकं स्टूल काढलं. मिरचीच्या कमरेला वाळूच्या पिशव्या बांधल्या. आठदा उठायचं, आठदा बसायचं, दम खायचा आणि पुन्हा.

"उठाबशा ही शिक्षा असते," मिरची धापा टाकत म्हणाली. "गुन्हा काय ते तरी सांगा."

"गुन्हा माझा आहे. तू उठ."

तीन महिन्यांनी बाईंनी तळहाताएवढं यंत्र नडगीला लावून तिच्या पायाचा जोर मोजला. तो जवळजवळ दीडपट झाला होता. चालणं मात्र होतं तसंच. गुडघे वाकलेले, वेग गोगलगायीचा. पण मिरची आता खुर्चीतून उठायची, भिंतीतला दांडा धरून वळायची, पँट खाली करायची आणि बसायची. दहा वर्षांत पहिल्यांदा तिने संडासाची कडी आतून लावली. बाहेर आई तोंडात पदर कोंबून रडत होती.

देणगीदारांचा दिवस जवळ आला, तशा साहेबांनी नोंदी चाळल्या. "चालण्यात फरक कुठाय? संडासाला टाळ्या पडत नाहीत, बाई. शाळेच्या मुख्याध्यापिकांनाही बोलावलंय मी. पोरगी ताठ चालताना दिसली की नाही म्हणायची त्यांची छाती नाही."

मग त्यांनी लांब आधार काढायला सांगितले. मांडीपासून घोट्यापर्यंत गुडघा जखडून ठेवणारे, एकेका पायाला सहा पट्टे. वरून पँट घातली की कुणाला पत्ता लागत नाही. ही शुद्ध लबाडी आहे, हे बाईंना ठाऊक होतं. पण आईने हात जोडले, "एवढं एकदाच," आणि बाईंनी पट्टे आवळले.

पाहुण्यांसमोर मिरची आठ पावलं चालली. टाळ्या पडल्या. मग भाषण सुरू झालं, मग दुसरं, मग फोटो. जखडलेल्या गुडघ्यांनी बसता येईना, म्हणून तिला दांड्यांमध्येच उभं ठेवलं होतं, दुकानातल्या कपड्यांच्या बाहुलीसारखं.

"बाई, मला जायचंय," ती कुजबुजली.

बाई पुढे झाल्या. "दोनच मिनिटं, हा शेवटचा फोटो," साहेब दातांतून म्हणाले. एका देणगीदार महिलेने मिरचीचा गालगुच्चा घेतला. बाई तिला ओढत दाराकडे नेऊ लागल्या, पण पँटीखाली बारा पट्टे होते. दारापर्यंतही जमलं नाही. फरशीवर ओघळ पसरला. मागच्या रांगेतल्यांना दिसलं नव्हतं. ते अजून टाळ्या वाजवत होते. गालगुच्चेवालीने साडी वर उचलली आणि नाकाला रुमाल लावला.

मुख्याध्यापिका हळू आवाजात आईला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू या. अजून तयारी नाही दिसत."

"अहो, येतं तिला!" बाई ओरडल्या. "पाच मिनिटं थांबा, दाखवते!" पण मुख्याध्यापिकांनी पर्स काखेत घेतली होती, आणि साहेब त्यांना वाट करून देत होते.

संडासात बाईंनी पट्टे सोडले. मांड्यांवर लाल वळ उठले होते. कोरडी पँट देऊन त्यांनी तिच्या काखेत हात घालायला घेतला.

"हात लावू नका."

मिरचीने दांडा धरला. पाय थरथरले, पण ती उठली, पँट वर ओढली, वळली आणि आपल्या खुर्चीत बसली.

"मला हे येतं ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग बांधलंत कशाला?"

"नुसतं उठणं-बसणं त्यांना कमी वाटेल, असं वाटलं गं," बाई म्हणाल्या. त्यांची नजर वर होईना.

"मला पुष्कळ होतं," मिरची म्हणाली.