इंजिनावरचा चौक

मालगाडीचं इंजिन रंगवायचं काम मिळालं तेव्हा मी आमच्या गंजाड गावात आठवडाभर ताठ मानेने फिरलो. पिशव्या, भेटकार्डं, हॉटेलांच्या भिंती, सगळ्यांवर माझी वारली चित्रं झाली होती. पण स्वतः उठून गावोगाव जाणारं चित्र माझ्या हातून अजून झालं नव्हतं.

गुजरातेतल्या एका रेल्वे इंजिनांच्या शेडच्या साहेबांची हौस होती. बाकीची इंजिनं ठरलेल्या रंगांत, आणि हे एकच गेरूच्या रंगाचं, वर पांढरी चित्रं. मी नऊ दिवस शिडीवर उभा राहून तारप्याचा नाच, ताडावर चढणारा माणूस, भातलावणी असं सगळं काढलं. इंजिनाच्या पोटाला मधोमध हवेची चौकोनी जाळी होती. तिच्यावर रंगवायचं नव्हतं. पण ती जागा टक्कल पडल्यासारखी दिसायला लागली, म्हणून जाळीभोवती नक्षीची चौकट काढत आणली. तेवढ्यात इंजिन बाहेर काढायची वेळ झाली आणि मी घरी आलो.

माझ्याआधी फोटो गावात पोचला होता. शेजारणीने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. "बघ, तुझ्या पोराने इंजिनावर चौक लिवला, आणि आत देवीच नाय बसवली!"

आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर चौक, म्हणजे नक्षीची चौकोनी चौकट, लिहितात. तांदळाच्या पिठाने, आणि फक्त सवाष्णींनी. आत देवी बसते आणि तिच्यासमोर लग्न लागतं. पुरुषाने चौक लिहायचा नसतो, आणि देवीविना रिकामा चौक तर कोणी मनातही आणत नाही. माझ्या आईने गावातल्या निम्म्या लग्नांचे चौक लिहिले असतील. आठ दिवसांवर माझ्या पुतणीचं, म्हणजे तिच्या लाडक्या नातीचं लग्न होतं.

"मी लिवणार नाय," आई म्हणाली. "माझ्याच घरात चौकाची थट्टा झाली. दुसरी कोणी बघा."

पुतणी रडायला लागली. आजीच्या हातचा चौक नसेल तर लग्नच नको, इथपर्यंत तिची गाडी गेली. मी आईला शंभरदा सांगितलं की तो चौक नाही, जाळीची चौकट आहे. आई म्हणाली, "फोटू खोटा का तू खोटा, ते मी डोळ्यांनी बघेन."

आता मालगाडीला कुठलं आलंय वेळापत्रक! शेडमधल्या एका फिटरने फोन करून सांगितलं, दोन-तीन दिवसांत तुमच्या बाजूने जाईल. झालं, आम्ही मायलेक भाकरी बांधून डहाणू रोडच्या फलाटावर जाऊन बसलो. दोन दिवस ताडगोळे खाल्ले आणि इंजिनं पाहिली. एक तिरंग्याचं आलं, एकावर सिंह होता, एक नुसतंच निळंशार. आईने कुणालाच पास केलं नाही. सिंहाकडे बघून म्हणाली, "याला कोणी उपाशी ठेवलाय?" मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं इंजिन आलं, आणि सिग्नल नसल्याने नेमकं आमच्याच फलाटाला थांबलं. खरं सांगतो, इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि इतकी भीतीही वाटली नव्हती.

आई जाळीसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारून मीही पाहिलं. शेडच्या अंधारात कळलं नव्हतं, पण उन्हात लख्ख दिसत होतं. ते कडेचे करवतीसारखे दाते, त्या जोडरेघा, कोपऱ्यातली वेलबुट्टी, सगळं आई लिहिते तस्संच. माझ्या हाताने मला न विचारता चौकच लिहिला होता.

आई वरपासून खालपर्यंत बघत आली आणि थांबली. खाली वीतभर जागा कोरी होती.

"हा इथं उघडा का ठेवलास?"

मुद्दाम ठेवला, रीत माहीत आहे म्हणून, असं सांगितलं असतं तर सुटलो असतो. जिभेवर आलंही होतं. पण तिच्यासमोर ते बोलवेना.

"रंग संपला," मी म्हटलं. "आणि इंजिन निघालं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसली की ताडगोळेवाली टोपली सोडून बघायला आली. "रंग संपला म्हून वाचलास! मिटला नाय तो चौक नाय. कुंपण हाय हे, मोडकं कुंपण!"

सिग्नल मिळाला. डबे संपेपर्यंत आई तिथेच उभी होती. मग म्हणाली, "दाते मात्र माझ्यासारखे आलेत. कोणी शिकवले?"

"कोणी नाही. लहानपणी तू लिहायचीस तेव्हा बायकांच्या मागून बघायचो."

घरी येऊन तिने तांदूळ भिजत घातले.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती चौकाला बसली. मी नेहमीसारखा बायकांच्या घोळक्यामागे दाराशी उभा होतो. पहिली रेघ ओढायच्या आधी तिने मान वळवली.

"मागून काय बघतोस? इथं येऊन बस," ती म्हणाली. "नीट बघ."