थांबणारा समुद्र

ही गोष्ट सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. वेळ नाही, ऐकणारे योग्य नाहीत, आता त्याचा काय उपयोग, अशी कारणे मला पुरत होती. आपल्या वाचनालयाच्या अंकासाठी सोलापूरचे प्रवासवर्णन लिहून द्या, असे तुम्ही म्हणालात तेव्हाही हुरडा, चादरी आणि तळे यांच्यावर चार पाने खरडावीत असे मनात आले होते. पण मी सोलापूरला का गेलो ते सोडून बाकीचे लिहिणे म्हणजे पुन्हा तेच टाळणे झाले असते.

दिवाळीआधीच्या आपल्या बैठकीची तुम्हाला आठवण असेल. निवृत्तीनंतर मी लेकीकडे रत्नागिरीला राहायला आलो, तेव्हापासून तुम्ही मला सर म्हणता आणि माझ्या त्या उताऱ्याचे कौतुक करता. शाळेतल्या मुलांसाठी मी उतारे आणि प्रश्नांचे सरावाचे पुस्तक केले होते. त्यातला समुद्रावरचा उतारा त्या दिवशी मोठ्याने वाचला गेला. ‘समुद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना त्याचा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला, की मात्र ते झोपेतून दचकून उठतात.’ टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, “सर, वाक्य फार सुंदर आहे. पण समुद्र थांबतो कधी? आमचा जन्म इथे गेला, आम्ही तर कधी ऐकला नाही थांबलेला.”

सगळे हसले. मीही हसलो. “लेखकाची कल्पना,” असे म्हणून वेळ मारून नेली. त्या दिवसापासून किनाऱ्यावर फिरायला गेलो की मी कान देऊन उभा राहू लागलो. समुद्र एकदाही थांबला नाही. ते वाक्य समुद्राचे नव्हते. मग ते कशाचे होते, हे मला ठाऊक असायला हवे होते, कारण उताऱ्याखाली माझे नाव होते. मला ठाऊक नव्हते. कारण तो उतारा माझा नव्हता.

तो पद्माचा होता.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कामगारांची मुले. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. परीक्षेत मात्र हमखास येणारा निबंध, ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’. वर्गात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. तेव्हा मीही पाहिलेला नव्हता. मी गाइडातून निबंध सांगायचा, मुलांनी पाठ करायचा आणि पेपरात तोच उतरवायचा, अशी आमची पद्धत होती. सूर्याचा लालभडक गोळा, फेसाळत्या लाटा, रुपेरी वाळू. सगळ्यांना सारखे गुण.

पद्माने एकदा वेगळाच निबंध लिहिला. त्यात लालभडक गोळा नव्हता. न थांबणारा आवाज होता, येणारे-जाणारे पांढरे पाणी होते, हवेत तरंगणारा बारीक फेस होता आणि ते दचकून उठणारे लोक होते. मी वाचला आणि मला वाटले, हे आपल्या शाळेतले नव्हे. बाकीच्यांनी माझे शब्द उतरवले होते ते मला प्रामाणिक वाटले. जिने काहीच उतरवले नव्हते, तिला मी वर्गापुढे उभे केले.

“कुठून उतरवलंस?”

“सर, मीच लिवलंय.”

“समुद्र पाहिलायस?”

“न्हाई.”

“मग?”

‘हा निबंध मी उतरवला आहे’ असे मी तिच्याकडून खाली लिहून घेतले, सहीसुद्धा घेतली. त्यानंतर ती फक्त मी सांगितलेलेच निबंध लिहू लागली. शब्द न शब्द. तिला बरे गुण मिळत गेले.

पुढे पुस्तक करायला घेतले तेव्हा समुद्राच्या पाठाला उतारा हवा होता. मला तो निबंध जवळजवळ तोंडपाठ होता. मी स्वतःची समजूत घातली, की तिने कुठून तरी उचललेलाच आहे, म्हणजे तो कुणाचाच नाही. कुणाचाच नसलेला माल माझ्या नावावर छापून आला. अजूनही येतो.

तर प्रवास. जाताना पद्मासाठी काय न्यावे, ते सुचेना. शेवटी एका प्लास्टिकच्या बाटलीत समुद्राचे पाणी भरून घेतले. लेक म्हणाली, “बाबा, काहीतरी खायचं न्या की.” मी नारळाच्या वड्याही घेतल्या.

सकाळच्या एसटीने आंबा घाट चढलो. घाटात धुके होते, खिडकीतून ओला वारा येत होता. कोल्हापूरच्या पुढे ऊस, मिरजेच्या पुढे द्राक्षांचे मांडव आणि मग हळूहळू हिरवा रंग विरत गेला. सांगोल्याच्या बाजूला लागलो तेव्हा आभाळ एकदम मोठे झाले. मुरमाड माळ, बाभळी, त्यांच्या खाली मेंढरांचे कळप, आणि मधूनच पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या डाळिंबांच्या बागा. कोकणात राहून मी ही भूमी विसरलो असेन असे वाटले होते. पण उन्हाने तापलेल्या मातीचा वास आला आणि मी खिडकीची काच पूर्ण सरकवली.

मिरजेला माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली होती, सांगोल्याची. थोड्या वेळाने ती ओरडली, “ओ आजोबा, तुमची बाटली गळतीया! माझं पीठ भिजलं की!”

“माफ करा हं बाई,” मी बाटली उचलली. “नुसतं पाणीच आहे. म्हणजे समुद्राचं.”

“कशाचं?”

“समुद्राचं. सोलापूरला न्यायचंय.”

तिने पलीकडच्या बाकावरच्या बाईला हाक मारली. “ऐकलंस का गं? आमी टँकरची वाट बघून म्हातारं व्हायलोय, आन् हे आजोबा खारं पाणी घिऊन सोलापूरला निघाल्यात!”

अर्धी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, “त्याचं हाफ तिकीट काढायला पाहिजे होतं, आजोबा.”

“कुणासाठी न्यायलाव?” बाईने विचारले.

“एका विद्यार्थिनीसाठी.”

“मग झाकण तरी नीट लावा. पोरीपतूर पोचाया नको व्हय?” तिने स्वतःच बाटलीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि वरून सुतळी आवळली. अर्धे पाणी उरले होते. सांगोल्याला उतरताना तिने मला दोन डाळिंबे दिली. भिजलेल्या पिठाबद्दल ती काहीच बोलली नाही. आणि माझ्या तोंडून माफी किती पटकन निघाली, हे मला मंगळवेढा येईपर्यंत आठवत राहिले.

संध्याकाळी सोलापूर. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही मागवले. भाकरी मोडल्याचा आवाज माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला. दात आता साथ देत नाहीत. वेटर म्हणाला, “आजोबा, दह्यात भिजवा की, पळून न्हाई जात भाकरी.” मी ऐकले नाही. एका दाताला त्याची किंमत मोजावी लागली, पण चटणीतल्या लसणाने सगळी भरपाई केली.

सकाळी ‘सात रस्ता’ चौकात रिक्षा केली. मी शिकवत होतो तेव्हाची झाडे गेली होती, फलक वाढले होते. चौकात कुठून कुठे वळायचे, ते मात्र माझ्या पायांना अजून माहीत होते.

“चाचा, एमआयडीसी में किधर?” रिक्षावाल्याने विचारले.

“पत्ता नाही. नाव आहे. पद्मा. टॉवेलांच्या कामात असेल.”

“पद्मा?” तो वळून हसला. “चाचा, वहाँ पद्मा पुकारे तो अर्धी एमआयडीसी बाहर आती. बैठो, देखेंगे.”

शाळेची जागा सापडली, शाळा दुसरीकडे गेली होती. कामगार सायकली आणि मोटरसायकलींवरून पाळीला निघाले होते. रिक्षावाला प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबून माझ्या वतीने विचारत होता, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हमारे सर हैं, बंबईसे आये’ असे सांगत होता. मी रत्नागिरी म्हणालो, तर म्हणाला, “एकीच बात, चाचा. समंदर तो है ना.” शेवटी एका टपरीवरची बाई म्हणाली, “तुमच्या शाळंतली? हेमिंगवाली पद्मक्का असल. टावेलाच्या कडा शिवती ती. शेडच्या मागं राहती बघा.”

शेड लांबूनच ऐकू येत होती. यंत्रमागांचा खडखडाट कानात नव्हे, छातीत शिरतो. भिंतीला भिंत लागून तिची खोली. दारात टॉवेलांचा ढीग, शिलाई मशीन, आणि मशीनमागे पिकल्या केसांची एक बाई. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि उठून उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशीच.

“सर? तुमीच की! अगाई, किती वाळलाव हो!”

मी काही बोलायच्या आत ती पाया पडली. मग नातीला हाक मारली. नात पाचवी-सहावीतली, नाव श्रावणी. “हे बघ, आमचे सर. मी सांगते न्हाई का नेहमी? ह्यांनीच शिकवलं मला.”

श्रावणी बघतच राहिली. “पुस्तकातले?”

“व्हय, पुस्तकातले!”

तिने मशीनवरचे माझे पुस्तक उचलून आणले. नवी आवृत्ती, वर माझे नाव. मी डाळिंबे पुढे केली. वड्या दिल्या. बाटली दिली. पद्माने बाटली दोन्ही हातांनी धरली. “सर, खरंच समुद्राचं?” श्रावणीने ती तिच्या हातातून घेऊन कानाला लावली.

“अम्मम्मा, ह्यात आवाजच न्हाई.” तेलुगूत आईच्या आईला अम्मम्मा म्हणतात.

“थांबलाय तो,” पद्मा म्हणाली आणि हसली. नातीची गंमत करायची म्हणून म्हणाली असेल. शब्द मात्र तिच्या निबंधातला होता.

तिने चित्रान्न, म्हणजे फोडणीचा आंबट भात, वाढले. मागांच्या आवाजात आम्ही ओरडून बोलत होतो. त्यांना त्या आवाजाचे काहीच नव्हते. साडीच्या झोळीत श्रावणीचे तान्हे भावंड गाढ झोपले होते.

“आजोबा, एक विचारू?” श्रावणीने पुस्तक उघडले. “लोक दचकून का उठतात, असा प्रश्न हाय. मागं उत्तर दिलंय, वादळाच्या भीतीनं. पण उताऱ्यात तर वादळच न्हाई.”

“गप गं,” पद्मा म्हणाली. “मलापण ते कधी पटलं न्हाई, सर. पण तुमी लिवलंय म्हणजे बरोबरच असणार, असं सांगते तिला.”

ते उत्तर मी एका दुपारी, फारसा विचार न करता लिहिले होते. प्रश्नाला उत्तर हवे म्हणून.

मी काय सांगावे, याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात लाइट गेली. शेडमधले सगळे माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली, की रस्त्यावरच्या सायकलीची घंटा ऐकू आली. आणि झोळीतले बाळ दचकून उठले, हातपाय ताठ करून रडू लागले.

“आलं, आलं,” पद्मा उठली. तिने बाळाला खांद्यावर घेतले. “असंच करतंय बघा हे. माग चालू असंस्तवर गाढ. थांबला की उठलंच! आमीपण सगळे असेच. लहानपणी रात्री लाइट गेली की अख्खी गल्ली जागी व्हायची.”

उघड्या दारातून मला शेडच्या आत दिसत होते. पांढऱ्या सुताचे ताणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले. उन्हाच्या तिरिपेत कापसाची तूस तरंगत होती. तो समुद्र तिथे होता. मी त्याच्याशेजारच्या शाळेत माझी सगळी नोकरी केली आणि मुलांना गाइडातला समुद्र शिकवला.

श्रावणी बाळाकडे बघत होती, मग पुस्तकाकडे. “अम्मम्मा,” ती हळूच म्हणाली, “हे आपल्यासारखंच हाय की.”

पद्मा थबकली. बाळाची पाठ थोपटता थोपटता ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती. जुनी शरम होती फक्त. “सर, तुमाला आठवतंय? मी एकदा निबंध उतरवून आणला होता. असाच होता काहीतरी. तुमी पकडलाव.” ती लाजून हसली. “कुटनं उतरवला, ते अजून आठवत न्हाई बघा. लई डोकं खाजवलं. मग तुमचं पुस्तक आलं, तवा वाटलं, तुमीच कधीतरी वर्गात सांगितलं असणार, त्येच माझ्या डोक्यात बसलं असणार. तुमचंच तुमाला लिवून दिलं मी!”

श्रावणी माझ्याकडे बघत होती. आता बोलायचे होते. एवढ्यासाठीच मी आलो होतो. बोलायला एक वाक्य पुरले असते, आणि आवाजही नव्हता, ओरडावे लागणार नव्हते.

मी म्हणालो, “भात फार छान झालाय.”

“अजून घ्या की,” पद्मा म्हणाली. लाइट आली. माग सुरू झाले. बाळ तिच्या खांद्यावर झोपून गेले.

निघताना तिने टॉवेलांची जोडी दिली. कडा तिने शिवलेल्या होत्या. बाटली तिने देवाजवळ ठेवली होती. कोपऱ्यापर्यंत श्रावणी सोडायला आली. “आजोबा, मी ‘वादळ’च लिहू ना?”

“नको,” मी म्हणालो. “तुला कळलंय ते लिही.” एवढेच मला जमले.

परतीच्या गाडीत माळ, बागा, ऊस आणि घाट उलट्या क्रमाने गेले. शेजारी कुणी बसले नाही. रत्नागिरीला उतरलो तेव्हा समुद्राचा आवाज आला. दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा ऐकू येईनासा झाला. मागच्या रांगेतल्या बाईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता मिळाले आहे. प्रकाशकाला मी कळवले आहे, की पुढच्या आवृत्तीत उताऱ्याखाली पद्माचे नाव घालावे आणि मागचे उत्तर काढून टाकावे. ते होईल तेव्हा होईल. आपला अंक सोलापूरला जात नाही, हे मला माहीत आहे. तरीही भात वाढून ती समोर उभी होती तेव्हा म्हणायचे होते, ते इथे लिहितो.

पद्मा, तो निबंध तू उतरवला नव्हतास. मी उतरवला. मला माफ कर.