आधी तोंड दाखव

मी आज अमरावतीच्या कॉलेजात शिकवतो ते जठारपेठेतल्या माझ्या मावशीमुळे, आणि निम्म्या अकोल्याचे गाल आतून कसे आहेत हे ठाऊक असलेली बाईही तीच. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बार्शीटाकळीहून पिशवी घेऊन तिच्याकडे शिकायला आलो, तेव्हा तिने स्वतःच्या मुलाच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं.

तो मुलगा, माझा मावसभाऊ, चोविसाव्या वर्षी गालात पांढरा चट्टा घेऊन तपासणी शिबिरात गेला. शिबिर तिशीपुढच्यांसाठी होतं. त्याला परत पाठवलं. पुढे तोंड उघडेनासं झालं, कॅन्सर निघाला, तेव्हा ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला, मग तोही गेला.

तेव्हापासून मावशी पाहुण्याला पाणी देण्याआधी तोंड दाखवायला लावते. तीन बोटं उभी दातांत गेली पाहिजेत, मग आत मोबाइलचा उजेड. दूधवाला, रिक्षावाला, गणपतीची वर्गणी मागणारी पोरं, कोणी सुटत नाही. एखादा संकोचला तर म्हणते, "कावून लाजून राहिला रे? तोंडच पाहून राहिली, सातबारा नाही मागून राहिली."

माझ्या बहिणीला पाहायला पातूरचा मुलगा आला, तेव्हा पोह्यांच्या आधी त्याच्या तोंडात बोटं. त्याचे काका भडकले. "बाई, आमी पोरगी पाहाले आलो!"

"पाहा ना. आमी पोरगं पाहून राहिलो."

बोटं दोनच गेली. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा होता. सोयरीक काही जुळली नाही, पण दुसऱ्या दिवशी मावशी त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली.

तिची मागणी एकच: तोंडाची तपासणी तिशीची वाट न पाहता कॉलेजपासून सुरू करा. सरकारी कचेरीत साहेबांना म्हणाली, "साहेब, पोरं मिसरूड फुटाच्या आधी खर्रा खातेत, अन् सरकार त्याईचं तोंड तिशीत पायते. तोवर पायाले तोंड तरी रायते का?" साहेबांनी चहा मागवला. "चहा मंग. आधी तोंड दाखवा." साहेबांनी खरंच दाखवलं.

निवेदन मी लिहून दिलं होतं, म्हणून उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. पत्रच लिहिलं.

"ती. मावशीस सा. नमस्कार.

उत्तर आलं. वयाची अट बदलता येत नाही, असं कळवलं आहे. तुला दुसरं काही सांगून समजूत घालणार नाही.

आमच्या प्राचार्यांनी मात्र ऐकलं. शनिवारी डॉक्टर बोलावून अकरावीची तपासणी केली. एका मुलाच्या गालात चट्टा निघाला. सतरा वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलं. त्याची आई मात्र कालपासून कॉलेजच्या पायरीवर बसून आहे. घरी जात नाही. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला.

मावशी, तू ये. तिच्याजवळ बस."