स्कॅटरचं कार्ड

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे कार्डकाकू म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी त्या महिन्याभराच्या बदलीवर आल्या आणि इंग्रजी क्रियापदं त्यांच्या गळ्यात पडली, कारण नामं करणाऱ्यांनी खिडकीजवळच्या जागा आधीच धरल्या होत्या. शब्दाचं कार्ड लिहिण्याआधी ती क्रिया स्वतः करून बघायची, ही त्यांची खोड. 'स्लिप'च्या वेळी पाय मुरगळला होता. तेव्हापासून शिपाईदादा रोज विचारत, "काकू, आज काय करणार? म्हणजे मी लांब उभा राहतो."

आज 'स्कॅटर' होतं. पाचला पान छापखान्यात जाणार होतं. तोवर कार्ड आलं नाही तर शब्दच गाळू, असं तरुण संपादकांनी बजावलं होतं. "रोजचा शब्द आहे काकू. दहा मिनिटांचं काम."

पण घोळ सकाळीच सुरू झाला होता. काकूंनी घरच्या गच्चीत मूठभर दाणे फेकले. चिमण्या आल्या. तेवढ्यात दार आपटलं आणि चिमण्या चहूकडे उडाल्या.

"आई, चिमण्यांचं काय झालं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"पांगल्या."

"आणि दाण्यांचं?"

"विखुरले. तूच उधळलेस. आता झाडणार कोण?"

इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. दाण्यांमागे हात होता, चिमण्यांमागे कुणाचाच नाही. मग शब्द मुळात कुणाचा? कचेरीत आल्यावर काकूंनी तिथला थोरला इंग्रजी कोश उघडला. तिथे लिहिलं होतं, उगम नक्की ठाऊक नाही, बहुधा 'शॅटर'चंच एक रूप. शॅटर म्हणजे फोडून तुकडे करणं. बरं, म्हणून शॅटर काढला, तर त्याचा जुना अर्थ विखुरणं! आणि शेवटी सूचना, 'स्कॅटर' पाहा. या टेबलावरून त्या टेबलावर धाडावं तसे दोन्ही शब्द काकूंना फिरवत राहिले.

शेवटी त्यांनी हाताशी होती ती बशी जमिनीवर सोडली.

"काकू, माझी बशी!" शिपाईदादा धावले.

"दादा, नीट सांगा. आधी फुटली की आधी पसरली?"

"आधी ती माझी होती!"

काकूंना स्वतःलाही दिसलं नव्हतं. त्यांनी तुकडे गोळा केले, नवी बशी कबूल केली आणि कार्ड पुढे ओढलं. अर्थ सगळे लिहिले. उगमाची चौकट मात्र कोरीच राहिली.

पावणेपाचला संपादक आले. "काकू, चौकट रिकामी असली तर संगणक कार्ड घेत नाही. शॅटर लिहा आणि मोकळ्या व्हा."

"तिथे 'बहुधा' आहे हो."

"'बहुधा' गाळा. कोण विचारायला येतंय?"

काकूंनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. एक शब्द लिहिला की काम भागत होतं. नाही लिहिला तर शाळेतल्या पोरांनाही येणारा शब्द कोशात नसणार, तोही त्यांच्यामुळे. सव्वीस वर्षांत त्यांचं एक कार्ड मागे राहिलं नव्हतं. आणि 'माहीत नाही' असंही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं आपल्याला खरंच सगळं ठाऊक होतं की काय?

त्यांनी लिहिलं, 'उगम अनिश्चित. बहुधा शॅटरशी नातं. थोरला कोण, कळत नाही.'

संपादकांनी वाचलं. "लोक म्हणतील, एवढी मोठी कचेरी आणि यांना माहीत नाही?"

"नाहीच माहीत."

"असेल की कुठेतरी!" म्हणत त्यांनी थोरला कोश ओढला. स्कॅटर पाहिला, शॅटर पाहिला, पुन्हा स्कॅटरवर आले. मग चष्मा काढून पुसला. पाचला दोन मिनिटं असताना काकूंचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं चौकटीत घातलं. फक्त 'थोरला कोण'पाशी थोडं थांबले.

पान गेलं. काकूंनी पिशवी काखोटीला मारली.

"काकू, एक मिनिट," संपादक कोशातून मान वर न काढता म्हणाले, "'शॅटर'चं कार्ड तुम्हीच केलं होतंत ना? त्यात उगम काय लिहिलाय?"

काकू पिशवीसकट खाली बसल्या. त्यांना आठवेना.