देवाकडून हरणारा जिनपाची

जिनपाचीला उभ्या आयुष्यात एकच विद्या आली, ती म्हणजे देवाकडून हरणं. भातलावणीच्या सणाला त्या जपानी बेटावरच्या देवळात तो लंगोट कसून एकटाच आखाड्यात उतरायचा आणि न दिसणाऱ्या भातदेवाशी तीन कुस्त्या धरायचा. पहिली देवाची, दुसरी जिनपाचीची, तिसरी पुन्हा देवाची. देव जिंकला की पीक चांगलं. आणि गडी पडायचा तरी कसा! एकदा एक मासळीवाली म्हातारी भर सणात ओरडली होती, “देवा, जरा हळू रे, त्याला घरी बायको आहे!”

आता बायको नव्हती, मासळीवालीही नव्हती, गावच ओस पडलं होतं. खाचरांत रानडुकरं लोळत होती. भात लावणारी एकटी शेजारची इसोनोवहिनी उरली होती. सणाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “उद्या तुझी कुस्ती बघते आणि परवाच्या बोटीनं लेकाकडे ओसाकाला जाते. गुडघे चिखलातून निघत नाहीत रे आता.”

“आणि रोपं?”

“हाताला सवय, म्हणून केली. घेऊन जा तू.”

“वहिनी, एकच वर्ष. मी लावतो, तुम्ही नुसत्या बांधावर बसा.”

“तू? वाकलास तर तुला उचलायला दोन माणसं लागतील. ती कुठून आणू?”

दुसऱ्या दिवशी पहिली कुस्ती तो रीतसर हरला, दुसरी जिंकला. तिसरीला मनात आलं, आता हरायचं कुणाच्या पिकासाठी? त्यापेक्षा देवालाच लोळवला, तर उट्टं काढायला तो पुढच्या वर्षी येणारच. मग भात लावायला वहिनीला थांबवून घेणं देवाचं काम. जिनपाचीनं हवेची कंबर धरली, दम कोंडला आणि देवाला आखाड्याबाहेर फेकलं. स्वतः आखाड्यात उभा राहिला.

पंच कामेझोनं निकालाचा पंखा उचलला तो देवाच्या बाजूलाच.

“डोळे फुटले का रे? मी उभा आहे!”

“गप बस,” कामेझो ओठ न हलवता म्हणाला, “पुजारीबुवांना अजून दोन देवळं उरकायची आहेत. आणि माझा हात दुसरीकडे वळतच नाही.”

होते तेवढ्या हातांनी टाळ्या वाजल्या.

सकाळी धक्क्यावर वहिनीनं गाठोडं सावरलं. “काल तू जिंकलास. मी पाहिलं.”

जिनपाचीचा चेहरा उजळला. “मग?”

“मग काय? हरला असतास तरी मी जाणारच होते.”

बोट गेली. रोपं त्यानं दारात पाणी घालून जगवली. एकदा बांधापर्यंत नेलीसुद्धा. खाली चिखल, वर आभाळ, आसपास कुणी नाही. तो वाकला नाही. रोपं पुन्हा घरी आली आणि दारातच पिवळी पडली.