आमची होडी सध्या मुरब्याला आहे

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बोईसरच्या कंपनी क्वार्टर्समध्ये बाकीच्या बायकांचे नवरे स्कूटरला नंबर लावून बसले होते. आमचे वसंतराव एका रविवारी मित्राबरोबर मुरब्याला फिरायला गेले आणि शिडाच्या होडीच्या प्रेमात पडून घरी आले.

"अगं नीला, चांगली होडी नुसती चिखलात पडलीय. फुकट देतायत!"

"आणि ठेवणार कुठे? आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो."

"चिंचणीला. मित्राची वाडी अगदी समुद्राला लागून आहे."

ह्यांना पोहता येत नाही, हे इथेच सांगून टाकते. पण आयुष्यात काही म्हणून न मागणारा माणूस हट्टाला पेटला की त्याला नाही म्हणवत नाही. शेजारच्या सामंतकाकांनी जिन्यातच विचारलं, "काय वसंतराव, होडी आणायला का?" म्हणजे बातमी आमच्याआधी खाली पोचली होती.

शनिवारी सकाळी मुरब्याची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर समुद्राच्या बाजूची खिडकी पकडा, पाण्याची बाटली बरोबर घ्या आणि पायात जुन्या चपला घाला. वसंतरावांनी पांढरे शुभ्र कॅनव्हासचे बूट घातले होते. गाव जवळ आल्याचं कंडक्टरने सांगावं लागत नाही, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील सांगतात. पहिली दहा मिनिटं मी नाकाला पदर लावला. दुपारपर्यंत मला वास येतच नव्हता.

खाडीच्या कडेला त्या होड्या पाहिल्या आणि माझी चेष्टा जरा थांबली. इंजिनं आली तशी शिडं उतरली होती आणि होड्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. फळ्यांचा रंग उडालेला, एकीच्या पोटात कोंबड्या राहत होत्या. आम्हाला जी पाहायची होती तिचं नाव सोनाई. तिची डोलकाठी मात्र अजून ताठ होती.

मालकीण जानकीबाय, सत्तरीच्या पुढची कोळीण. तिचा थोरला मुलगा दामू आम्हाला बघून फारच खूश झाला. नव्या इंजिनाच्या बोटीला त्याला ती जागा हवी होती.

"घेऊन जा, सायेब," तो म्हणाला. "नायतर होलीला लाकडं कमीच पडतान."

"मेल्या!" म्हातारी कडाडली. "हिनं तुमा चौघांना पोसला. हिला होलीत घालनार?"

होळीला फार दिवस राहिले नव्हते. होडी वाचायची तर आमच्याबरोबरच, हे म्हातारीला कळत होतं. पण म्हणून ती कुणाच्याही गळ्यात बांधणार नव्हती. तिने आम्हाला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि स्थळाची चौकशी सुरू केली.

"घराला आंगन हाय?"

"नाही. दुसरा मजला आहे," वसंतराव.

"वरसातून दोनदा अंगाला तेल लागतं तिला. मुशी माशाचा. कोन लावील?"

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

"मी लावेन," ते म्हणाले.

"मासे खाता ना?"

"अंडं चालतं."

म्हातारीने चहाची बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, मानूस कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणाले. "जरा वेडा आहे, पण टाकून देणारा नाही."

हे मी मनापासून बोलले, आणि तेवढ्यावर स्थळ पसंत पडलं.

रात्री तिच्याकडेच राहिलो. आमच्यासाठी तिने तांदळाची भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांचं कालवण केलं. बाकीची पंगत पापलेटवर होती. दामू आणि त्याच्या भावांनी दुपारभर फटींमध्ये काथ्या ठोकून होडी पाण्यात उभी केली होती. रविवारी सकाळच्या भरतीला निघायचं, दामू सुकाणू धरणार, दुपारपर्यंत चिंचणी.

सकाळी खाडी तुडुंब भरली होती. शीड बांधलं, आम्ही चढलो. तेवढ्यात जानकीबाय ताट घेऊन आली. लेक सासरी जाताना ओटी भरतात, तशी सोनाईची ओटी भरायची होती. हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ. ते झालं. मग जानकीबायच्या जावेला ओटी भरायची होती. मग सुनांना. मग ही होडी बांधली तेव्हा नवी नवरी असलेली एक आजी पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून काठी टेकत निघाली आहे, तिच्यासाठी थांबा. ती आली, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, गळामिठी घालून रडली, तिला पाहून बाकीच्या रडल्या, मीही रडले. मला तर होडी नकोच होती!

"आये, पानी उतरला!" दामू ओरडला.

"माजी सोनाई चाललीय. पानी थांबंल!"

पाणी थांबलं नाही. जन्मभर भरती-ओहोटीवर जगलेलं अख्खं गाव त्या दिवशी पाठवणीच्या नादात ओहोटी विसरलं. दामूने घाईघाईने दोर सोडला, वाऱ्याने शीड फुगलं आणि वसंतराव उभे राहिले. त्यांचा तसा चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता. खाडीच्या तोंडाशी गेलो न गेलो तोच खालून कर्रर्र आवाज आला आणि सोनाई वाळूच्या दांड्यावर बसली.

गुडघाभर चिखलातून आम्ही परत आलो. पांढऱ्या बुटांपैकी एक तिथेच राहिला. पुढच्या भरतीला ती तरंगेल अशी आशा होती. भरती आली, फळ्या उघडल्या आणि पाणी बाहेर राहण्याऐवजी आत शिरलं. वसंतराव काठावर उकिडवे बसून नुसते बघत राहिले. मला त्यांची फार दया आली.

"चला, काम झाला," दामू म्हणाला. "पानी उतरला का फोडून आनतो. होलीला होईल."

"हात लाव तर खरा!" म्हातारी उठली. "ओटी भरली. दिलेली लेक हाय ती. आता तुजी नाय, सायबाची. फोडायची तर सायबाला इचार."

ओटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरली होती. दामूने वसंतरावांकडे पाहिलं. घरात भाजी कुठली हवी हेही ज्यांनी कधी धड सांगितलं नाही, ते आमचे वसंतराव एका पायात बूट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. फोडायची नाही."

जानकीबायने ओटीतला एक नारळ माझ्या हातात ठेवला. आम्ही खाडी ओलांडणाऱ्या तरीतून पलीकडे सातपाटीला उतरलो, तिथून एसटीने पालघर आणि मग शटलने बोईसर. जिन्यात सामंतकाका होतेच. वसंतरावांच्या पायांकडे बघून त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि ते जास्तच लागलं.

पावसाळा सरल्यावर ह्यांनी मुशीचं तेल आणलं. डब्याच्या वासाने एसटीत आमच्या शेजारी कोणी बसेना. मुरब्याला जानकीबाय ओट्यावर होतीच. सोनाईही होती, दांड्यावर, डोलकाठी अजून ताठ. ओहोटीला वसंतरावांनी पाण्यावरच्या फळ्यांना तेल लावलं. म्हातारी काठावरून चुका काढत होती.

संध्याकाळी तरीत बसलो. तरीवाल्याला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. समोरून येणाऱ्या बोटीला तो ओरडला, "दांडा हाय रे! सायबाची होडी डावीला ठेव!"

वसंतराव ताठ बसले.

घरी जिन्यात सामंतकाकांनी शेवटी विचारलंच, "काय हो, त्या होडीचं काय झालं?"

"आहे की," वसंतराव म्हणाले. "सध्या मुरब्याला ठेवलीय."